लढाई संपल्यावर गोष्ट सरळ का राहत नाही?

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही म्हणालात की तुमच्या आवडत्या युद्धकादंबऱ्यांमध्ये लढाई जवळपास नसतेच. त्यातली कर्ट व्हॉनेगटची 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' मी वाचायला घेतली आणि अर्ध्यात सोडली. काळ सारखा पुढेमागे, मधेच परग्रहावरचे लोक. इतक्या भयंकर विषयाला असले प्रयोग कशाला? सरळ सांगितलं असतं तर जास्त भिडलं नसतं का?

उत्तर : अर्ध्यात सोडलीत त्याचं काही वाटून घेऊ नका, मीपण पहिल्या वेळी तेच केलं होतं. पण "सरळ सांगितलं असतं तर" यावर मला बोलायचंय, कारण सरळ सांगायचा प्रयत्न त्याने करून बघितला होता आणि तो त्याने त्याच पुस्तकात लिहून ठेवलाय.

व्हॉनेगट दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन सैनिक, जर्मनांनी पकडलेला, जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात युद्धकैदी होता. फेब्रुवारी 1945 मध्ये शहरावर बॉम्ब पडले तेव्हा तो एका कत्तलखान्याच्या खाली, मांस साठवायच्या तळघरात होता म्हणून वाचला, आणि नंतर याच कैद्यांना ढिगाऱ्यातून प्रेतं काढायला लावलं. पुस्तक आलं 1969 ला. मधली चोवीस वर्षं काय झालं ते पहिल्या प्रकरणात आहे. वॉलपेपरच्या गुंडाळीच्या मागच्या बाजूला त्याने लेकीच्या क्रेयॉननी अख्खी गोष्ट आखली होती, प्रत्येक पात्राला वेगळ्या रंगाची रेघ, ड्रेस्डेनच्या जागी आडव्यातिडव्या केशरी रेघांचा उभा पट्टा, जे वाचले त्यांच्या रेघा त्यातून पलीकडे जातात, जे मेले त्यांच्या रेघा ते मेले तिथेच संपतात. म्हणजे सुरुवात, मध्य, शेवट सगळं तयार होतं हो! आणि जे पुस्तक आपल्या हातात आलं ते तसं नाहीच.

का नाही, याचं उत्तर मला सापडलं ते कादंबरीचा नायक बिली पिल्ग्रिम, व्हॉनेगटसारखाच ड्रेस्डेनमधला युद्धकैदी, त्याच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या पार्टीत. बहुतेक तुम्ही तिथवर पोचलाच नसाल. बिली आता डोळे तपासून चष्मे देणारा, पैसेवाला, सुखवस्तू माणूस. पार्टीत त्याच्याच धंद्यातले चौघं मिळून एक जुनं गाणं म्हणतात आणि बिलीचा चेहरा असा होतो की लोकांना वाटतं याला हार्ट अटॅक आला. त्याला स्वतःलाच कळत नाही काय होतंय, फक्त एवढं जाणवतं की आपण आपल्यापासूनच काहीतरी मोठं लपवून ठेवलंय. मग तो वर जाऊन पडतो आणि त्याला आठवतं. बॉम्बफेकीनंतर तळघरातून बाहेर आल्यावर चार जर्मन पहारेकरी जळालेलं शहर बघत उभे होते, तोंडं उघडी, आवाज नाही, गाणाऱ्या चौघांसारखे.

इथे एक बारीक गोष्ट आहे, माझ्या ती तिसऱ्या वाचनात लक्षात आली. पुस्तकभर बिली डोळे मिटतो आणि दुसऱ्याच वर्षात उघडतो, पण या एका जागी लेखक मुद्दाम सांगतो की तो काळात कुठेही गेला नाही, त्याला नुसतं आठवलं. म्हणजे ते काळात फिरणं, ते परग्रहवासी, हे सगळं न आठवण्यासाठी उभारलेलं आहे, निदान मी तरी ते तसं वाचते. भयंकर अनुभव मनात असा अडकून राहतो त्या आजाराला आज आपण पीटीएसडी म्हणतो, ते नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं 1980 मध्ये, पुस्तकानंतर अकरा वर्षांनी. नाव नव्हतं तेव्हा त्या माणसाने त्याचा आकार शोधला, आणि म्हणून मला या पुस्तकाबद्दल इतकी माया आहे.

चूक आहे तीही सांगते. ड्रेस्डेनच्या मृतांचा 1,35,000 हा आकडा पुस्तकात येतो, तो फार फुगलेला आहे, 2010 मध्ये इतिहासकारांच्या आयोगाने जास्तीत जास्त 25,000 असा निष्कर्ष काढला. आकड्यांसाठी ही कादंबरी वाचू नका.

व्हिएतनामच्या बाओ निन्हची 'द सॉरो ऑफ वॉर' मात्र जरूर वाचा. उत्तर व्हिएतनामच्या ज्या ब्रिगेडमधून तो लढला तिथल्या पाचशेपैकी दहाजण जिवंत राहिले असं सांगतात. त्याचा नायक किएन, युद्ध संपल्यावर जंगलातून साथीदारांचे अवशेष गोळा करतो आणि नंतर लिहायला बसतो, पण लिहिलेली पानं क्रमाने लागतच नाहीत, शेवटी तो सगळा ढीग एका मुक्या बाईकडे राहतो आणि तिसराच कुणीतरी ती पानं हातात येतील तशी वाचतो. मला तर सरळ क्रम लावला असता तर ते खोटं वाटलं असतं.

आता हेही खरं की तुकडे केले म्हणजे कादंबरी चांगली होते असं नाही. नुसती फॅशन म्हणून काळ उलटसुलट केलेली पुस्तकं मी पुष्कळ वाचलीत आणि ती बाजूला ठेवलीत. मी एकच बघते, मनातल्या मनात घटना क्रमाने लावून बघते आणि काही हरवतंय का ते तपासते. काहीच हरवलं नाही तर तो नुसता खेळ होता. व्हॉनेगटच्या बाबतीत ते चौघं पहारेकरी सुरुवातीलाच येऊन गेले असते, आणि वीसेक वर्षांनी पार्टीत गाणं सुरू झाल्यावर आपल्याला काहीच झालं नसतं.

तर एकदा परत घ्या हातात. परग्रहाची पानं भराभर वाचलीत तरी चालेल, पण ती पार्टी येईपर्यंत थांबा, आणि मग काय वाटलं ते मला नक्की लिहा.