चुन्याची रेघ आणि एकाच नावाच्या दोघी

जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं आणि त्या काळात बहुतेक सगळ्या निवडणुकांची ड्युटी केली. आधी शाई लावणारी, मग यादी वाचणारी आणि शेवटची काही वर्षं केंद्राध्यक्ष. या महिन्यात मतदानावरची पत्रं बरीच आली, त्यातली चार घेते. उत्तरं लोकसभा-विधानसभेच्या नियमांवरून दिली आहेत. ग्रामपंचायत-नगरपालिकेचं मतदान राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे तपशिलात फरक पडतो.

बाई, नमस्कार. २०२४ च्या विधानसभेला आम्ही अपक्ष उमेदवाराचं टेबल शाळेजवळ चहाच्या टपरीशेजारी लावलं होतं. चिन्ह कपबशी. पोलिसांनी टेबल उचलायला लावलं, वर टपरीवाल्यालाही दम दिला. चहा विकणं हा काय प्रचार झाला? – एक कार्यकर्ता, ता. पाटण

अरे बाळा, टपरीवाला रोज चहा विकतो, त्याच्या कपाला चिन्ह समजून दम देणं हा पोलिसांचा उत्साह झाला. पण तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानावर तूच लिहिलंयस की दुपारपर्यंत ‘आपल्याकडून’ शंभरावर चहा गेले. कपबशी चिन्हाच्या टेबलावरून मतदाराला फुकट चहा? त्याला प्रचारसुद्धा म्हणत नाहीत, लाच म्हणतात. हवालदारानं नुसतं टेबल उचललं, त्यात तुझी सुटका झाली म्हण.

आता टेबलाचं. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत मत मागणं, ‘यांना देऊ नका’ सांगणं, निवडणुकीशी संबंधित फलक किंवा खूण दाखवणं, सगळं बंद. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १३० वं कलम. दंड फक्त २५० रुपयांपर्यंत, म्हणून पोरं हसतात. पण गुन्हा दखलपात्र आहे, पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. उमेदवाराच्या टेबलाला तेव्हा २०० मीटरची अट होती. २०२५ मध्ये भारत निवडणूक आयोगानं ती शिथिल करून १०० मीटरच्या लगेच पलीकडे बसायला परवानगी दिली. टेबलावरून देतोस ती चिठ्ठी मात्र साध्या पांढऱ्या कागदाची हवी, तिच्यावर ना उमेदवाराचं नाव, ना पक्ष, ना चिन्ह.

आमच्याकडे ती १०० मीटरची रेघ कोतवाल पावलं मोजून चुन्यानं मारायचा. एका गावात रेघ नेमकी एका घराच्या ओट्यावरून गेली होती. घरमालक दिवसभर ओट्याच्या पलीकडच्या टोकाला खुर्ची टाकून बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत राहिला. हात करायला काय बोलणार! दोनदा सांगून पाहिलं, मग त्याच्या सुनेलाच सांगितलं. पाच मिनिटांत खुर्ची आत गेली.

बाई, मी पुण्याहून रात्रीच्या एसटीनं गावी मतदानाला गेले. रांगेत तास गेला आणि आत गेल्यावर सांगितलं, ‘तुमचं मत झालंय.’ बोटाला शाई नाही, हातात ओळखपत्र, तरी परत पाठवलं. मी काय करायला हवं होतं? – एक वाचक, ता. खटाव

ताई, परत फिरायला नको होतं. तुमची चूक आहे असं म्हणत नाही, आतल्या माणसांनी नियम सांगायला हवा होता आणि त्यांनी तो सांगितला नाही.

याला ‘प्रदत्त मत’ म्हणतात. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर केंद्राध्यक्ष तुम्हाला ओळखीबद्दल प्रश्न विचारतो. उत्तरं पटली की तुम्हाला मत द्यायचा हक्क आहे, फक्त यंत्रावर नाही. प्रत्येक केंद्राच्या साहित्यात यासाठी कागदी मतपत्रिका दिलेल्या असतात. पाठीमागे ‘प्रदत्त मतपत्रिका’ असा शेरा मारतात, तुम्ही नमुना १७-ब मध्ये सही करता, आडोशाला जाऊन फुलीचा शिक्का मारता, घडी घालून ती केंद्राध्यक्षाच्या हातात देता. तो ती वेगळ्या पाकिटात ठेवतो.

माझ्या केंद्रावर हे एकदाच घडलं. एकाच घरात एकाच नावाच्या दोन जावा, नवऱ्यांची नावंही एका अक्षराच्या फरकाची. धाकटी सकाळी येऊन गेली आणि माझ्या यादीवाल्या गुरुजींनी थोरलीच्या ओळीवर खूण केली. दुपारी थोरली आली. डोक्यावर पदर, पायाला शेतातला चिखल तसाच. ‘झालंय’ ऐकल्यावर ती भांडली नाही, फक्त डावी तर्जनी माझ्यासमोर धरून उभी राहिली. कोरी. त्या बोटानं माझं निम्मं काम केलं. मी तिला कागदी मतपत्रिका दिली. शिक्का इतका जपून मारला की आत किती वेळ गेला मला कळेना. बाहेर येऊन म्हणाली, ‘बाई, ह्ये मोजत्याल न्हवं?’

खोटं बोलवेना. मोजणीच्या दिवशी प्रदत्त मतं धरत नाहीत. निकालाविरुद्ध याचिका झाली आणि न्यायालयानं सांगितलं, तरच ते पाकीट उघडतं. तिला तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, ‘असू द्या, लिहिलंय न्हवं माझं नाव.’

आणि पाकीट कधीच उपयोगी पडत नाही असंही समजू नका. २००८ साली राजस्थानात विधानसभेला नाथद्वारा मतदारसंघात काँग्रेसचे उमेदवार सी. पी. जोशी ६२,२१५ मतं घेऊन एका मतानं हरले, समोरच्याला ६२,२१६. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे चर्चा याच प्रदत्त मतांची होती.

जाता जाता: तोतया मत देतोय असं केंद्रात बसलेल्या उमेदवाराच्या एजंटला वाटलं, तर मत पडण्याआधी बोलायचं. दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो. संध्याकाळी पारावर बसून ‘मला तेव्हाच संशय आला होता’ म्हणण्याला काही अर्थ नाही.

सासूबाईंना मोतीबिंदूमुळे दिसत नाही. पक्षाचा एक मुलगा ‘मी आत नेतो’ म्हणतो. चालेल का? – एक सून, ता. माण

तुम्हीच न्या की! अंध किंवा शरीरानं अशक्त मतदार स्वतः बटण दाबू शकत नसेल तर सोबत्याला परवानगी मिळते. सोबती १८ वर्षं पूर्ण झालेला हवा, आणि त्या दिवशी तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. गुप्तता पाळीन असं त्याच्याकडून लिहून घेतात. त्याच्या उजव्या तर्जनीला शाई लागते, त्यामुळे दिवसभर म्हाताऱ्या माणसांची ने-आण करणारे ‘समाजसेवक’ आपोआप उघडे पडतात. लिहिता-वाचता येत नाही एवढ्या कारणावर मात्र सोबती मिळत नाही, चिन्हं त्यासाठीच असतात. अंधांना बटणाशेजारचे ब्रेल आकडे हातानं लागतात. सासूबाई ८५ च्या पुढे असतील तर पुढच्या वेळी बीएलओकडून (आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी) १२-ड अर्ज घ्या, पथक घरी येऊन मत घेतं.

सहाला दहा मिनिटं असताना रांगेत उभा राहिलो, पुढे साठ माणसं. मागचा म्हणाला, आता काही खरं नाही, आणि आम्ही दोघंही घरी गेलो. – एक शेतकरी, ता. कोरेगाव

दादा, मागच्याचं ऐकलंत कशाला! वेळ संपताना जे रांगेत असतील त्या सगळ्यांचं मत घ्यावंच लागतं. केंद्राध्यक्ष सहीच्या चिठ्ठ्या वाटतो, त्याही शेवटच्या माणसापासून सुरू करून पुढे, म्हणजे नंतर मागे कुणाला घुसता येत नाही. तुमच्या मागच्याला १ नंबर मिळाला असता, तुम्हाला २.

एका वर्षी माझी १ नंबरची चिठ्ठी एका ऊसतोड कामगाराला गेली, उसाच्या पाचटानं हात फाटलेले. पावणेआठला त्याचं बटण दाबून झालं, बीप वाजली. तो चिठ्ठी परत द्यायला आला, म्हणाला, ‘पोराला दावायची हुती.’ नियमानं ती माझ्याकडे जमा व्हायची. घेतली, आणि मग यंत्र बंद केलं.