पोरांसोबत पहिला गड: गावच्या माणसांशी कसं वागाल?

पोरांना घेऊन पहिला गड म्हणून पायथ्याच्या पाचनई गावातून हरिश्चंद्रगड निवडलात, छान केलंत. लहान मुलांना हीच वाट त्यातल्या त्यात सोपी. सोबत काय सामान न्यायचं, ते नंतर बघू. आधी गावातल्या माणसांबद्दल, कारण अडीअडचणीला तीच धावून येतात.

गावात ज्या घरी जेवणार, तिथे जेवणाचं आदल्या दिवशीच फोन करून सांगा. ऐनवेळी दहा जणांच्या भाकऱ्या थापायच्या म्हणजे त्या मावशींचे हाल होतात. पैशांची घासाघीस तर अजिबात नको. कुणी चहा पाजला आणि पैसे घेईना, तर बळजबरी करू नका. दोन घटका बसा, पीकपाण्याची चौकशी करा. त्यांना तेच आवडतं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- एप्रिल-मेमध्ये अंगणातल्या हंड्यातलं पाणी हातपाय धुवायला घेतात. ते बायकांनी लांबून डोक्यावर वाहून आणलेलं असतं. विचारून, पिण्यापुरतंच घ्या.
- गावातल्या पोरांना चॉकलेटं वाटतात. नको. त्यापेक्षा तुमची मुलं त्यांच्यात खेळू द्या.
- "आज ढग उतरलेत, नका जाऊ," असं मामांनी सांगूनही निघतात. त्यांचं ऐकाच.

वर कुणाचा पाय मुरगळलाच, तर संकोच न करता झापातल्या (झोपडीतल्या) माणसांना हाक मारा. खाली उतरवायला मदत करणाऱ्याला मजुरी मात्र आपणहून द्या, तो मागणार नाही.