‘इन’ की ‘ऑन’? या धास्तीनं गप्प बसणाऱ्यांसाठी

‘मॅडम, इंग्रजी कळतं, लिहिताही येतं, पण तोंड उघडलं की इन, ऑन, ॲट चुकतं आणि लोक हसतात.’ सोलापुरात हे इतक्या जणांकडून ऐकलंय, की शेवटी एकीची हकिकत लिहायला घेतली. नाव अर्थातच बदललंय.

पद्मा अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेल निर्यात करणाऱ्या कारखान्यात. घरी तेलुगू, शाळा मराठी. परदेशी ग्राहकांचा कॉल म्हटलं की पोटात गोळा. एकदा ‘डिस्कस अबाउट’ म्हणाली, शेजारचा हसला, तेव्हापासून तोंडाला कुलूप. पर्समध्ये नियमांची वही, कोपरे दुमडलेली.

सुरुवातीला मी इंग्रजीचा विषयच काढला नाही. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारांची; ‘झालंच पाहिजे’ हा हट्टच माणसाला त्रास देतो, असं तो सांगायचा. माझ्या मते दुखणं भाषेचं कमी, ‘बरोबरच आलं पाहिजे’ मधल्या ‘च’चं जास्त.

मग एके दिवशी विचारलं, ‘आईवर रागावतेस, आईशी भांडतेस, आईला घाबरतेस. आई तीच, मग वर, शी, ला का बदलतं?’

‘तसंच म्हणतात.’

‘नियम काय?’

‘काय की!’

‘मराठी शिकलीस कुठं?’

‘गल्लीत. पोरं लई हसायची. पण खेळायला तर जायचंच होतं की!’

बोलता बोलता ती थबकली. वही उघडली, दोन पानं चाळली, मिटली आणि हसत सुटली. ‘जायचंच’मधला हा ‘च’ मात्र मला चालतो! उत्तर तिचंच होतं: मराठी नियमांनी नाही, हसू झेलत बोलूनच आली होती. प्रश्न नेमका पडला, एवढं श्रेय मी घेते.

तेव्हा शब्द सुटा पाठ करू नका. ‘अफ्रेड ऑफ’, ‘गुड ॲट’, ‘मॅरीड टू’ अशा जोड्याच उचला, त्याही स्वतःच्या घरातल्या-कामातल्या वाक्यात. ‘डिस्कस’ला मागे ‘अबाउट’ लागत नाही. आपण कडक चहा म्हणतो, कडक पाऊस नाही. इंग्रजीतही चहा ‘स्ट्राँग’, पाऊस ‘हेवी’. कामाच्या मेलमधली चांगली वाक्यं जशीच्या तशी उतरवून मोठ्यानं वाचा.

सगळ्या चुका सारख्या नसतात. ‘डिस्कस अबाउट’नं कुणाचं अडत नाही. ‘पर्यंत’ मात्र जपून. माल शुक्रवारपर्यंत पाठवायचा तर ‘बाय फ्रायडे’. ऑफिस शुक्रवारपर्यंत बंद, तर ‘टिल फ्रायडे’. मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’च, म्हणून इथं गल्लत होते आणि तारीख हुकते. पद्मा आता फक्त अशा जागी थांबून विचार करते. बाकी कॉलभर बोलते, अधूनमधून ‘डिस्कस अबाउट’सुद्धा म्हणते.