मागच्या दाराला पोचा, बंपरला चीर: अशी जुनी गाडी घ्यावी का?

२०१८ची पेट्रोल स्विफ्ट, डाव्या मागच्या दाराला पोचा, मागचा बंपर चिरलेला आणि एजंट म्हणतोय ‘पार्किंगमध्ये लागलंय’. खरंच तेवढंच असेल तर खुशाल घ्या. पण मागची बाजू आतून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

दार बोल्टवर असतं, बंपर प्लॅस्टिकचा. दोन्ही बदलले तरी सांगाड्याला काही होत नाही. मागच्या चाकावरचा पत्रा मात्र बॉडीला वेल्ड केलेला असतो. पोचा तिथवर किंवा दाराखालच्या पट्टीत (रनिंग बोर्ड) गेला असेल तर काम कापाकापीचं, आणि जोडलेला पत्रा आतून गंजायची भीती. दार उघडा, चौकटीचं रबरी बीडिंग हाताने ओढून काढा. खाली कंपनीचे स्पॉट वेल्ड दिसतील: साधारण सारख्या अंतरावर छोटे गोल खळगे. ते बुजलेले किंवा वेडेवाकडे असले तर पिलरचं, म्हणजे चौकटीच्या खांबाचं, काम झालंय.

मग डिकीतली मॅट आणि स्टेपनी काढा. तळाच्या पत्र्याला सुरकुती किंवा सांध्यावर ताजं सीलंट दिसलं तर गाडीला मागून जोरात ठोकलंय. इथे भाव पाडत बसू नका, सरळ निघा.

पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांवर फिरवा. पकड ढिली पडली की खाली पुट्टी.

पॉलिसीही मागून घ्या. मालक पहिलाच असून एनसीबी (नो क्लेम बोनस, क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५०ऐवजी २० टक्के असेल तर क्लेम घेतलाय, नाहीतर पॉलिसी मध्ये खंडित झाली होती. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा बदलायला अर्ज करा. जुन्या मालकाचा एनसीबी तुम्हाला मिळत नाही, आणि या जुन्या पोच्याचा क्लेमही मागता येत नाही.

पोच्यापेक्षा मला पाण्याची धास्ती जास्त. जुलै २०२४मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत गाड्या बुडाल्या होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ बघाच.

हे सगळं ठीक निघालं तर दोन गॅरेजमधून लेखी एस्टिमेट घ्या आणि तेवढे पैसे भावातून कापा. मेटॅलिक रंग असेल तर छटा जुळायला शेजारच्या पॅनेलवरही रंगाचा हात मारावा लागतो, तो खर्च धरायला विसरू नका. रंग तडकला नसेल आणि पोचा कडेवर नसेल तर तो बिनरंगाचाही निघतो. बंपरच्या क्लिपा शाबूत असतील तर चीर राहू द्या. दाराचा पत्रा उघडा पडला असेल तर मात्र पावसाळ्याआधी रंगवून घ्या.