व्हिजिट व्हिसावर कामाला पाठवतायत, जाऊ देऊ का?

प्रश्न: माझा मुलगा कांदोळीला शॅकमध्ये किचनला होता, सीझन संपला तसा घरीच बसून आहे. म्हापशाचा एक एजंट म्हणतो दुबईत रेस्टॉरंटमध्ये जॉब आहे, २५०० दिरहम पगार, ६० दिवसांचा व्हिजिट व्हिसा काढून देतो, पोचला की दुसऱ्या दिवशी कामाला, व्हिसा नंतर कन्व्हर्ट होतो. सव्वा लाख मागतोय, अर्धे आत्ताच. मुलगा नववी पास. वाड्यावरचे दोघे असेच गेले आणि आता सेटल आहेत म्हणून घरात सगळे हो म्हणतायत, मला मात्र धाकधूक वाटते. कायद्याचं काही लफडं होईल का?
— एक आई, पेडणे

उत्तर: ताई, तुमची धाकधूक अगदी बरोबर आहे. वाड्यावरचे ते दोघे खोटं बोलत नसतील हो, युएईत व्हिजिट व्हिसावर जाऊन नोकरी शोधता येते, इंटरव्ह्यू देता येतो आणि कंपनी मिळाली तर तिथे राहूनच व्हिसा बदलूनही मिळतो. पण वर्क परमिट व्हायच्या आधी एप्रन बांधून किचनमध्ये उभा राहिला की ते बेकायदा काम, मग मालक त्याला ट्रायल म्हणू दे नाहीतर ट्रेनिंग. तुमचा एजंट 'दुसऱ्या दिवशी कामाला' म्हणतोय ना, गोम तिथेच आहे.

तपासणीत सापडला तर दंड, जेल, डिपोर्ट, यातलं काहीही होऊ शकतं आणि परत जायची वाटही बंद होऊ शकते. परमिट नसलेला माणूस ठेवला तर मालकालाही २०२४ पासून १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे, त्यामुळे इन्स्पेक्टर दारात आला की मालक पहिलं काय म्हणणार, 'हा आमचा माणूसच नाही'. आणि तुमच्या मुलाकडे दाखवायला काय असणार? कॉन्ट्रॅक्ट नाही, पगार रोख, बँकेत एन्ट्री नाही. पगार बुडवला म्हणून तक्रार करायला गेला तर बेकायदा काम केल्याचं आधी स्वतःच कबूल करावं लागतं, म्हणून बरीच पोरं गप्प बसतात. हातावर तेल उडालं तर ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले कामावरचा अपघात म्हणून बहुतेक हात वर करतात. त्यात ६० दिवस उलटले आणि 'कन्व्हर्ट' काही झालं नाही तर ओव्हरस्टेचे दिवसाला ५० दिरहम, म्हणजे महिन्याला १५००. पगार किती म्हणालात, २५०० ना?

आता नववीचं. दहावी नसेल तर पासपोर्ट बहुधा ईसीआर असतो, म्हणजे काही देशांत नोकरीला जायला आधी सरकारी परवानगी लागते असा, उघडून बघा. ईसीआरवाल्याला युएई, सौदी, कतार, ओमान धरून १८ देशांत नोकरीला जायचं तर १९८३च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे क्लिअरन्स लागतो, त्यासाठी कॉन्ट्रॅक्टचे कागद सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर चढवावे लागतात, शिवाय प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमा काढावा लागतो. फिरायला जाणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. एजंटला व्हिजिट व्हिसा का आवडतो ते यावरून कळेल, त्याची सगळी कटकट वाचते आणि रिस्क तुमच्या पोराच्या डोक्यावर. मोपा विमानतळावर इमिग्रेशन काउंटरवर रिटर्न तिकीट आणि हॉटेल बुकिंग दाखवून 'फिरायला चाललोय' हे खोटं पोरानेच बोलायचं, एजंट तोवर पार्किंगमधून गाडी काढून म्हापशाला निघालेला असतो.

पैशांचं तर विचारूच नका. रजिस्टर्ड एजंटलासुद्धा कायद्याने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. युएईच्या कायद्यात भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो, कामगाराकडून वसूल करायचा नसतो. मग सव्वा लाख कसले? त्याचा लायसन्स नंबर मागा आणि ई-मायग्रेटवर स्वतः तपासा, फ्रेम करून भिंतीवर लावलेल्या सर्टिफिकेटवर जाऊ नका.

जॉब खरा असेल तर कंपनी तिथल्या लेबर मिनिस्ट्रीच्या फॉर्मवर ऑफर लेटर देते, त्यात पोस्ट, बेसिक, अलाउन्स सगळं लिहिलेलं असतं आणि पुढचं कॉन्ट्रॅक्ट त्यापेक्षा कमीचं करता येत नाही. त्यानंतर नोकरीचा एन्ट्री परमिट इथे गोव्यातच हातात येतो, मेडिकल आणि एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं ओळखपत्र, तिकडे गेल्यावर. हे मागितल्यावर एजंट चिडला तर चिडू दे. आधीच काही दिलं असेल तर पावती, गुगल पेची एन्ट्री आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज डिलीट करू नका, पोलिसात आणि ई-मायग्रेटवर तक्रार करताना तेच कामाला येतं.

प्रश्न: भावाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. इंग्लंडमधल्या स्विंडनचे नातेवाईक म्हणतात ये, वेअरहाउसमध्ये लावतो. त्याला व्हिसा लागत नाही ना?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: फिरायला सहा महिन्यांपर्यंत लागत नाही, आधी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, काढावी लागते एवढंच. पण कामाला तो पासपोर्ट आता चालत नाही, ब्रेक्झिटनंतर ती सोय ३१ डिसेंबर २०२०ला संपली. तो त्याआधी तिथे राहत असेल आणि त्याला सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड स्टेटस, म्हणजे तिथे राहायचा आणि काम करायचा हक्क, मिळालेला असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर मालकाला पहिल्याच वेळी माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे बरी कंपनी घेणारच नाही, आणि जी घेईल ती कशी असेल याचा अंदाज तुम्हीच करा. त्याच पासपोर्टवर आयर्लंड, जर्मनी नाहीतर खुद्द पोर्तुगालात मात्र तो वर्क परमिटशिवाय कायदेशीर काम करू शकतो, इंग्रजीवरच भागवायचं असेल तर आयर्लंड बघायला सांगा.