रात्रीचा घाम आणि तळपायांची आग: ‘लिऊ वेई दी ह्वांग वान’ या चिनी गोळ्या घ्याव्यात का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मोठ्या बहिणीचं वय 49, पाळी अनियमित झालीय, रात्री घामाने जाग येते, तळपायांची आग होते, तोंडाला कोरड पडते. थायरॉईडची गोळी रोज चालू आहे. सिंगापूरहून आलेल्या नातेवाइकांनी ‘लिऊ वेई दी ह्वांग वान’ची बाटली दिली आणि सांगितलं, “यिन वाढवतं, किडनीला चांगलं, अपाय काहीच नाही.” तर घ्यायच्या का?

मी सिंगापुरातच फार्मसिस्ट आहे. इथल्या चिनी औषधांच्या दुकानांत या गोळ्या सर्रास मिळतात, आणि हे औषध ज्या विचाराने बांधलंय त्याचं मला मनापासून कौतुक आहे. तरीही बाटली उघडण्याआधी ताईंची टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या. थायरॉईडच्या गोळीचा डोस गरजेपेक्षा थोडा जास्त झाला तरी घाम, धडधड, अंगात उष्णता, झोपमोड हे सगळं होतं. सोबत साखर तपासा. वजन उतरत असेल, संध्याकाळी कणकण वाटत असेल किंवा खोकला रेंगाळला असेल, तर क्षयाची तपासणी आधी. या वयात घाम म्हणजे पाळी जाण्याचाच, असं घरातल्या घरात ठरवून टाकू नका.

आता औषधाबद्दल. नावातल्या ‘लिऊ’चा अर्थ सहा, कारण त्यात सहा द्रव्यं असतात. अकराव्या-बाराव्या शतकात, सोंग राजवटीत, छिएन यी नावाचे बालवैद्य होऊन गेले. त्यांचे उपचार 1119 मध्ये एका ग्रंथात एकत्र केले गेले, त्यात ही गोळी आहे. आणि ती होती लहान मुलांसाठी! टाळू वेळेवर भरत नाही, चेहरा पांढुरका, मूल अशक्त, अशांना ती द्यायची. त्याआधी जवळजवळ नऊशे वर्षं जांग जोंगजिंग या जुन्या वैद्यांचा आठ द्रव्यांचा एक पाठ (औषधाची कृती) वापरात होता. त्यात दालचिनीच्या कुळातलं एक द्रव्य आणि बचनागाच्या जातीचं एक मूळ होतं, दोन्ही उष्ण. मुलांच्या अंगात मुळातच ऊब जास्त, त्यांना हे कशाला, असा विचार करून छिएन यींनी ती दोन काढली. मोठ्या माणसांचं यिन कमी होण्यावर ही गोळी रुळवली ती पुढे सोळाव्या शतकात, श्वे जी यांच्यासारख्या वैद्यांनी.

यिन म्हणजे, चिनी वैद्यकाच्या हिशेबात, शरीरातला ओलावा, गारवा, पोषण. कढईतलं पाणी आटलं की आच तेवढीच असूनही भाजी खाली लागते, तशी ही उष्णता. आग वाढलेली नसते, ओल कमी झालेली असते. म्हणून विझवायच्या औषधाऐवजी भर घालायचं औषध देतात. संध्याकाळनंतर अंग तापणं, तळहात-तळपाय जळणं, झोपेत घाम, कानात आवाज, कंबर धरणं ही त्याची ठरलेली लक्षणं. वाचताना ताईंचं वर्णन तंतोतंत जुळतं असं वाटेल, पण चिनी वैद्य तेवढ्यावर थांबत नाही. तो जीभ बघतो आणि नाडी बघतो. जीभ लालसर, जवळजवळ थर नसलेली आणि नाडी बारीक, जलद असेल तरच तो या गोळ्यांकडे वळतो.

सहांपैकी मुख्य द्रव्य शू-दी-ह्वांग. हेनान प्रांताच्या उत्तरेला, पीत नदीच्या काठच्या जुन्या ह्वाइछिंग भागातलं हे मूळ सगळ्यांत नावाजलेलं. ताजं असताना पिवळसर असतं, मग तांदळाची दारू घालून ते पुन्हा पुन्हा वाफवतात आणि वाळवतात, अगदी आतपर्यंत काळं होईतो. कापलं तर आतला भाग काळाभोर, चकचकीत, बोटांना चिकटणारा आणि चवीला गोड. कच्चं मूळ थंड मानतात. वाफवलेलं किंचित ऊबदार, भरण करणारं, आणि पचायला चांगलंच जड.

या जडपणावरचा उतारा पाठातच आहे, आणि मला या औषधातलं सगळ्यांत आवडतं ते हेच. शू-दी-ह्वांग आठ भाग घेतलं की शान-जू-यू हे आंबट लाल फळ (बी काढून) चार भाग आणि शान-याओ, म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातकुळीतला पांढरा कंद, चार भाग. ही तीन भर घालणारी. त्यांच्यासमोर तीन-तीन भाग अशी तीन निचरा करणारी द्रव्यं: त्झे-शिए हा पाणथळ जागेतला कंद, मू-दान-फी ही पिओनी या फुलझाडाच्या मुळाची साल आणि फू-लिंग ही पाइनच्या मुळांवर जमिनीखाली वाढणारी बुरशीची गाठ. प्रत्येक भर घालणाऱ्याला एक निचरा करणारा जोडीदार. गोड, चिकट मूळ पोटात बसून राहू नये म्हणून पाणी वाहतं करणारा कंद, आंबट फळाने धरून ठेवलेली उष्णता उतरावी म्हणून ती साल. नुसती ताकदीची औषधं एकत्र कुटली असती तर हा पाठ नऊशे वर्षं टिकला नसता, असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढा तोल साधूनही तो सगळ्यांना चालत नाही. चीनमध्ये कंबर दुखली की पुरुष आपल्या मनाने याच गोळ्या घेतात, आणि वैद्य वर्षानुवर्षं सांगत आलेत की ज्याचे हातपाय गार, जिभेवर पांढरा जाड थर, भूक मंद आणि शौचाला पातळ, त्याने हे घेऊ नये. त्याला पोट फुगण्याचा, जुलाबाचाच त्रास होईल.

‘किडनीला चांगलं’ हेही डोक्यातून काढून टाका. चिनी वैद्यकात ज्याला वृक्क (किडनी) म्हणतात त्याच्याकडे वाढ, हाडं, प्रजनन, कान अशी बरीच खाती आहेत. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे किडनीचं काम मंदावलेल्या माणसाला या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत. तुमच्या घरात तसं कुणी असेल तर बाटली त्यांच्यापासून लांबच ठेवा.

पुराव्याचं विचाराल तर, यावर चीनमध्ये अभ्यास पुष्कळ झालेत, पण बरेचसे छोटे आणि बेताच्या दर्जाचे. पाळी जाण्याच्या काळातल्या घामावर याने नक्की उतार पडतो, असं मी ताईंना छातीठोकपणे सांगणार नाही. त्रास खूप असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी हार्मोन उपचारांबद्दल बोला. कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळीचा इतिहास नसेल तर त्यांचा गुण चांगला येतो, आणि त्यांना घाबरून जाण्याचं कारण नाही.

अपायाबद्दल. या सहा द्रव्यांत ॲरिस्टोलोकिया ही वनस्पती नाही, जिने 1990च्या दशकात बेल्जियममध्ये बारीक होण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांच्या किडन्या निकामी केल्या. तिथे एका वनस्पतीच्या जागी दुसरीच गेली होती. म्हणून बाटली कुठली, हे महत्त्वाचं. सिंगापुरात अधिकृतपणे विकल्या जाणाऱ्या चिनी तयार औषधावर इंग्रजीत एक ओळ छापलेली असते: सादर केलेल्या माहितीच्या आधारे विक्रीला परवानगी, ग्राहकाने स्वतः विचार करावा. ती ओळ, बॅच क्रमांक आणि मुदत शोधा. सुटी, बिनलेबलची पुडी आली असेल तर सरळ टाकून द्या.

तपासण्या ठीक आल्या, डॉक्टर हो म्हणाले आणि ताईंना घेऊन बघायच्याच असतील, तर त्या कुठल्या प्रकारच्या आहेत ते बघा. लहान, काळपट, किंचित गोड-आंबट आणि जराशा कडू लागणाऱ्या गोळ्या बहुधा सांद्र, म्हणजे अर्क आटवून केलेल्या प्रकारच्या. त्यांचा नेहमीचा डोस एका वेळी आठ, दिवसातून तीनदा. 200 गोळ्यांची बाटली साधारण आठ दिवसांत संपते, आपल्याकडच्या माणसाला हा आकडा ऐकूनच धक्का बसतो. मधात वळलेल्या मोठ्या गोळीचा हिशेब वेगळा, तेव्हा लेबल वाचूनच घ्या. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी नेहमीसारखीच, आणि या गोळ्या तिच्यानंतर निदान चार तासांनी. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर अजिबात नको, पिओनीच्या सालीमुळे. भूक मेली, पोट जड झालं किंवा शौचाला पातळ होऊ लागलं तर त्याच दिवशी बंद करा. बाटलीच्या चारही बाजूंचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि पुढच्या वेळी थायरॉईडच्या डॉक्टरांना ते न विसरता दाखवा.