आबांचा फोटो आणि ‘कोको’

प्रश्न : माझी लेक सहा वर्षांची आहे, पहिलीत जाते. जूनमध्ये माझे सासरे गेले. ती रात्री आबांजवळच झोपायची. अजूनही शाळेतून आली की आधी त्यांच्या खाटेकडे बघते. नणंदबाई म्हणाल्या, ‘कोको’ दाखव तिला, गेलेली माणसं कुठे जातात त्याची गोष्ट आहे, पोरीला बरं वाटेल. यांचं म्हणणं, कार्टूनच तर आहे, एवढा काय विचार करतेस! मी थोडा लावून बघितला तर सगळे सांगाडेच. दाखवू की नको? आणि हल्ली तिच्यासमोर मला रडू येतं, ते चालेल का?
– एक आई, वाळवा तालुका

उत्तर : नणंदबाईंनी मनापासून सुचवलंय आणि चित्रपटही फार चांगला आहे. तरी मी म्हणेन, आत्ता नको. सांगाड्यांमुळे नव्हे.

सांगाड्यांना मुलं फारशी भीत नाहीत. बालवाडी शिकवून निवृत्त झाल्यावर मी आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा मुलांना चित्रपट दाखवते. ‘कोको’ दोनदा दाखवला. मेक्सिकोतला मिगेल नावाचा मुलगा गेलेल्या माणसांच्या जगात पोचतो, त्याची ही गोष्ट. त्यातले सांगाडे रंगीत कपडे घालतात, गातात, कुणाचं डोकं निखळलं तर उचलून परत बसवतात. मुलं खळखळून हसतात.

पण साधारण अर्ध्या वाटेवर एक प्रसंग आहे. चिचारोन नावाचा म्हातारा झुल्यात पडलेला असतो. मिगेलला त्या जगात भेटलेला हेक्टर त्याला गिटारवर एक गाणं म्हणून दाखवतो. म्हातारा समाधानाने डोळे मिटतो आणि त्याचं अंग सोनेरी उजेड होऊन विरून जातं. का, तर जिवंत माणसांत त्याची आठवण असलेलं कुणी उरलं नाही. आरडाओरडा नाही, रक्त नाही. माझ्या शेजारी एक मुलगा बसला होता, तुमच्या लेकीएवढाच. त्याने माझा पदर मुठीत धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. बाहेर आल्यावर चपला घालता घालता विचारतो, ‘बाई, माझी आजी मला नीट आठवत नाही. ती पण अशी गेली का?’

त्याची आजी वारली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. त्याला कुठून आठवणार? मी तिथेच पायरीवर बसले, त्याला जवळ घेतलं आणि सांगितलं की ती सिनेमातली गोष्ट आहे, तुझ्या आठवण्या-न आठवण्याने आजीला काही होत नाही. पण हे मी चित्रपट लावायच्या आधी सांगायला हवं होतं.

‘माणूस आठवणीत जिवंत राहतो’ हे ऐकून आपल्याला धीर येतो. सहा वर्षांच्या मुलाला ते काम वाटतं. मी विसरले तर आबा नाहीसे होतील, म्हणून विसरायचं नाही! जी पोर अजून खाटेकडे बघते तिच्यावर हे ओझं नको. शिवाय तो नियम हेक्टर संवादातून समजावतो. भाषा पुरती कळली नाही तर तिला नियमही कळणार नाही, फक्त म्हातारा विरघळताना दिसेल.

यांना सांगा, कार्टून म्हणजे लहान मुलांचं असं काही नसतं. जपानमध्ये १९८८ साली ‘माय नेबर तोतोरो’ आणि ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ हे दोन चित्रपट एकाच तिकिटावर जोडीने लागले होते. दोन्ही हाताने काढलेले, दोन्हींत लहान भावंडं. पहिला चार वर्षांचं मूलही मजेत बघेल. दुसऱ्यात युद्धातल्या उपासमारीने धाकटी बहीण मरते. तो मी मोठी असूनही पुन्हा बघू शकलेले नाही.

सर्टिफिकेट जरूर बघावं. आपल्याकडे ‘यूए’चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायच्या चित्रपटांचे, २०२४ पासून ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन टप्पे केलेत, त्यामुळे अंदाज पूर्वीपेक्षा बरा येतो. पण तुमच्या घरात जूनमध्ये काय झालं, ते सेन्सॉर बोर्डाला कसं कळणार?

मग दाखवायचा कधी? लेक आबांची एखादी गंमत हसत हसत सांगायला लागली की. तिचा सूर तुम्हाला बरोबर कळेल. त्याआधी तुम्ही एकट्या पूर्ण बघा, पावणेदोन तासांचा आहे. चिचारोनशिवाय आणखी दोन जागा बघून ठेवा. एक, जिवलग मित्रानेच हेक्टरला विष दिलं होतं हे उघड होतं ती. दुसरी, त्याच माणसाने मिगेलला उंचावरून खाली फेकलं ती. मिगेल वाचतो, हे तिला आधीच सांगून टाका. शेवट कळला म्हणून मुलांची मजा जात नाही, उलट ती निवांत बसतात. बघायचा तो दिवसाउजेडी, रिमोट तुमच्या हातात आणि ती तुमच्या मांडीवर. तिने ‘बंद कर’ म्हटलं तर लगेच बंद करा, ‘आता संपतच आलाय’ म्हणू नका.

आणि तेव्हा बघाच. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला गेलेल्यांचे फोटो मांडतात, त्यांच्या आवडीचं खायला ठेवतात, झेंडूच्या फुलांची वाट घालतात. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा तिथलाच. लेक तो लगेच ओळखेल. मिगेलची पणजी कोको खुर्चीत बसून असते, माणसं ओळखत नाही, आणि मिगेल तिच्यासमोर बसून दिवसभराचं सगळं सांगतो. आबांजवळ झोपणाऱ्या मुलीला ते कुणी समजावून द्यावं लागणार नाही.

तुमच्या रडण्याबद्दल. रडा. फक्त का रडताय ते तिला सांगा, ‘मला आबांची आठवण आली.’ नाहीतर आईला आपणच काही केलं, असं मूल धरून चालतं.

चित्रपटाआधी एक करून बघा. आबांचा फोटो बहुतेक दारावर, उंच लावला असेल. आणखी एक, साधा, हार न घातलेला, हसतानाचा फोटो शोधा आणि तिच्या हाताला येईल अशा जागी ठेवा. त्याच्याशी बोलायला सांगू नका आणि ती बोलली तर थांबवू नका. दिवाळीनंतर मला पुन्हा लिहा.